सासूबाईंची तक्रार बंद झाली

कुरकुर सगळेच करतात हो, पण कुरकुरीलाही दर्जा असतो. बहुतेक माणसं तेच तेच रडगाणं गातात आणि ऐकणाऱ्याला जांभया येतात. या सासूबाई त्यातल्या नव्हत्या. त्यांचा गुडघा काल आतून दुखायचा, आज बाजूने दुखायचा, आणि उद्या कुठून दुखणार याचा अंदाज त्या आजच सांगून ठेवायच्या. चहा गोड झाला तर साखरेचा डबा उपडा केलास का म्हणत, फिका झाला तर साखर महागली का म्हणत, आणि चुकूनमाकून बेताचा झालाच तर तोवर तो निवलेला असे. उभं आयुष्य त्यांनी एका मोठ्या लाँड्रीत इस्त्री करण्यात काढलं होतं. कापडावरची सुरकुती त्यांना दारातूनच दिसायची. नोकरी सुटली, कापडं संपली, म्हणून आई आता माणसांमध्ये सुरकुत्या शोधते, असं त्यांचा मुलगा म्हणे. अर्थात त्यांच्या पाठीमागे. तोंडावर म्हणायची त्याची छाती नव्हती, आणि बस डेपोत दिवसभर इंजिनांशी झुंजून आलेल्या माणसाकडून तशी अपेक्षाही कोणी करू नये.

झुंजायचं काम होतं सूनबाईकडे. तिला आपणही सूनबाईच म्हणू, कारण सासूबाई तेच म्हणत आणि ऐकून ऐकून गल्लीनेही तेच उचललं होतं. गल्लीच्या तोंडाशी तिचं छोटंसं दुकान होतं. चेन बदलणे, पॅण्ट आखूड करणे, जाड झालेल्या माणसाचा कोट सैल करणे, असली कामं. हाताला सफाई होती आणि जिभेला धारही. आणि दुकानाला लागूनच, एका भिंतीपलीकडे, डॉक्टरबाईंचा दवाखाना होता.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक लांब बाकडं, आतल्या खोलीत तपासायची कॉट आणि भिंतीला चिकटवलेलं टेबल. टेबलाच्या पलीकडे बसून बोलायची बाईंची रीतच नव्हती. पेशंट आत आला की त्या आपली खुर्ची फिरवून त्याच्या शेजारी आणत आणि हात मांडीवर ठेवून बसत. मग पेशंटने बोलायचं. त्याचं बोलून होईपर्यंत बाई मध्ये तोंड घालत नसत. माणूस गुडघ्यावरून जावयावर गेला, जावयावरून नळाच्या पाण्यावर गेला, तरी त्याच चेहऱ्याने ऐकत. नवीन माणसाला वाटे, या बाईंना दुसरे उद्योग नाहीत की काय! जुन्यांना ठाऊक होतं की यातलं काहीही वाया जात नाही. कोणाला गोळी गिळता येत नाही, कोणाचा बाप कशाने गेला, सिगरेट सोडली म्हणून कोण थापा मारतो, ते सगळं त्यांच्या डोक्यात असे. सूनबाईच्या मुलीला लहानपणी ताप धरून बसला होता, कशानेच हटेना, तेव्हा दवाखाना उघडण्याआधी बाई रोज सकाळी तीन जिने चढून घरी यायच्या. ती मुलगी आता शिकायला दुसऱ्या शहरात होती आणि चांगली उंच निघाली होती. सूनबाई बाईंविषयी बोलायला लागली की तिचा आवाजच बदलायचा. देव वगैरे ती म्हणत नसे, पण त्याच्या खालच्या पायरीवर कोणी बसवलं असतं तर तिची हरकत नव्हती.

आणि या अशा बाईंकडे सासूबाई दर आठवड्याला जात. दुखो न दुखो. केस विंचरून, चांगले कपडे घालून, नाटकाला निघाल्यासारख्या. आत जाऊन सगळा पाढा वाचायच्या. बाई ऐकायच्या, कधीमधी एखादी गोळी बदलायच्या, बऱ्याचदा काहीच बदलायच्या नाहीत. सासूबाई हलक्या होऊन घरी यायच्या आणि संध्याकाळपर्यंत घराला जरा श्वास घेता यायचा. सूनबाईला मात्र याची फार लाज वाटे. बाकड्यावर खरी आजारी माणसं ताटकळत असतात आणि आपल्या सासूबाई आत बसून चहाच्या चवीवर भाषण देतात, हे तिच्या मनाला लागायचं.

मग डॉक्टरबाईच आजारी पडल्या. हृदयाचं ऑपरेशन झालं. दवाखान्याला कुलूप लागलं आणि गल्लीची पाचावर धारण बसली. आपल्या डॉक्टरला काही होऊ शकतं, हा विचारच कोणी कधी केला नव्हता. बाई परत आल्या तेव्हा अंगाने निम्म्या झाल्या होत्या. कपडे अंगावर लोंबत होते. फक्त सकाळी बसायचं, जिने चढायचे नाहीत, दगदग करायची नाही, असं त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

तेव्हा गल्लीने एक ठराव केला. सभा कोणी बोलावली नाही, ठराव कोणी मांडला नाही, पण एकमताने पास झाला: किरकोळ गोष्टी घेऊन बाईंकडे जायचं नाही. इतकी वर्षं त्यांनी आपल्याला जपलं, आता आपण त्यांना जपायचं. न्हाव्याने आपली पाठदुखी गिळली. बेकरीवाल्याने भाजलेल्या बोटावर आपलं आपणच मलम लावलं. आणि सूनबाई तर पहारेकरीच झाली. दवाखान्याची पायरी तिच्या मशीनसमोरून दिसायची. कोणी तिकडे वळताना दिसलं की ती मशीन थांबवून विचारायची, काय झालंय? सर्दी? मग गरम पाणी प्या आणि घरी जा. लोकही निमूट ऐकायचे. बाकडं रिकामं दिसायला लागलं आणि सूनबाईला त्या रिकाम्या बाकड्याचा अभिमान वाटायला लागला. प्रेमापोटी माणूस काय काय करतो त्याला सुमार नाही.

सासूबाईंना तिने स्वच्छ सांगितलं, की गुडघे काही पळून जात नाहीत, तुम्ही आता बाईंना त्रास द्यायचा नाही. सासूबाई भडकल्या. थोडे दिवस घरात भांडी जास्त जोरात आपटली गेली. त्यातच एकदा दुकानात येताना अर्ध्यावर ओढलेल्या शटरखालून त्या वाकून आत शिरल्या, आणि अंदाज चुकून डोकं शटरच्या कडेवर आपटलं. रक्त नाही, खोक नाही, साधं टेंगूळ. पण त्यांनी शटर बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि बाईंना दाखवून येते म्हणून निघाल्या. सूनबाईने त्यांना हाताला धरून बसवलं. डोक्यावर बर्फ लावला आणि म्हणाली, आई, एवढ्याशा टेंगळासाठी त्यांना उठवू नका. पुढे काही दिवस डोकं दुखतंय, डोकं दुखतंय असं चालू होतं. सूनबाईने ते नेहमीच्या कानाने ऐकलं, म्हणजे ऐकलंच नाही. मग तेही थांबलं.

आणि काही आठवड्यांनी चमत्कार झाला. सासूबाई एका सकाळी चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, "छान झालाय चहा."

मुलाच्या हातातून चमचा पडायचा राहिला. नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशीही चहा छान होता. भाजीत मीठ कमी पडलं होतं, तरी भाजीही छान होती. गुडघ्याचं नाव नाही, शेजारच्यांच्या रेडिओचं नाव नाही. विचारलं तर हसून म्हणायच्या, बरं आहे सगळं. दुपारी झोपायच्या, संध्याकाळीही डुलकी काढायच्या. स्वेटरची बटणं एकाआड एक चुकीची लावायच्या आणि सूनबाईने हसत हसत सरळ केली की त्याही हसायच्या. चालताना एक चप्पल फरशीवर घासल्याचा आवाज यायचा, पण म्हातारपणी चपला घासतातच. घरात एवढी शांतता कित्येक वर्षांत नव्हती. नवरा रात्री जेवताना बायकोला म्हणाला, मानलं तुला. सूनबाईने दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, की कोणीतरी एकदा खडसावून सांगायची गरज होती, ते मी सांगितलं. लोकांनी मान डोलावली. तिची कॉलर ताठ झाली.

त्याच दिवसांत सूनबाई बाईंसाठी एक कोट शिवत होती. बाईंचे जुने कपडे आता त्यांना होत नव्हते, थंडी तोंडावर आली होती, आणि आभार मानायला सूनबाईकडे दुसरी भाषा नव्हती. राखाडी लोकरीचं कापड तिने निवडून आणलं. दवाखाना बंद झाल्यावर दुपारी बाई ट्रायलला दुकानात आल्या. एक बाही नुसती टाचून लावलेली, दुसरी अजून टेबलावर, कॉलरला कच्चा दोरा. बाई आरशासमोर उभ्या राहिल्या आणि सूनबाई तोंडात टाचण्या धरून त्यांच्याभोवती फिरू लागली.

बाईंनी सहज विचारलं, की बाकडं हल्ली इतकं रिकामं का असतं? गावातली सगळी दुखणी पळून गेली का? सूनबाईने मोठ्या हौसेने तो ठराव सांगितला. तोंडात टाचण्या असल्यामुळे शब्द अर्धेच बाहेर पडत होते, पण बाईंना कळलं. आरशात त्यांचा चेहरा मात्र उतरला. मग म्हणाल्या, तुझ्या सासूबाईही त्यामुळेच येत नाहीत वाटतं. मी रोज दाराकडे बघते.

हे सांगायला तर सूनबाई टपलीच होती. तिने टाचण्या तोंडातून काढून उशीत खोचल्या आणि सगळं सांगितलं. सासूबाई किती गोड झाल्यात, चहाला कशा छान म्हणतात, मिठाविना भाजी कशी खातात, कशा शांत झोपतात. बाई खूश होतील असं तिला वाटलं होतं.

बाई आरशासमोरून वळल्या.

"तक्रार एकही नाही?"

"एकही नाही, बाई. तोंडातून चकार शब्द नाही."

"कधीपासून?"

सूनबाई हिशोब करायला लागली, पण बाई थांबल्याच नाहीत. कोट काढायचंही त्यांना सुचलं नाही. एक बाही टाचलेली, दुसरा हात उघडा, पाठीवर टाचण्यांची रांग, अशा त्या दुकानातून बाहेर पडून चालायला लागल्या. न्हावी वस्तरा हातात धरून दारात आला. बेकरीवाला बघत राहिला. सूनबाई मागून धावत होती आणि काय झालं, काय झालं म्हणून विचारत होती. बाईंचा श्वास चालण्यालाच पुरत नव्हता, बोलायला कुठून उरणार?

जिन्याशी आल्यावर सूनबाईने त्यांचा हात धरला. तीन मजले, लिफ्ट नाही, आणि तुम्हाला तर मनाई आहे, मी आईंनाच खाली घेऊन येते, असं ती म्हणत होती. बाई म्हणाल्या, त्यांना जिन्यावरून चालवायचं नाही, तू पुढे जा आणि दार उघड. आणि त्या चढायला लागल्या. प्रत्येक वळणावर कठड्याला धरून थांबत होत्या. ओठ पांढरे पडले होते. सूनबाई वरून बघत होती आणि तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की नका हो चढू, आमच्यासाठी नका. पण त्या चेहऱ्याकडे बघून तिचं धाडस झालं नाही. असा चेहरा तिने एकदाच पाहिला होता, मुलीच्या तापाच्या वेळी.

सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. दारात बाईंना बघून त्या हसल्या. "या बाई," म्हणाल्या, "किती छान कोट घातलाय."

आणि तेव्हा सूनबाईची नजर त्या कोटावर गेली. कोटाला एकच बाही होती. कॉलरवर पांढरा दोरा दिसत होता. पाठीवर टाचण्या चमकत होत्या. जिने जन्मभर लोकांच्या कपड्यातली सुरकुती दारातून पकडली, ती बाई अर्ध्या कोटाला छान म्हणत होती. मनापासून म्हणत होती. इतके दिवस सूनबाईने जे शहाणपण समजून मिरवलं, ते शहाणपण नव्हतंच. समोरच्या खुर्चीत तिच्या सासूबाई नव्हत्याच. त्या कुठेतरी आत बुडत चालल्या होत्या आणि घर टाळ्या वाजवत होतं.

बाईंनी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी घेतली. दोन्ही हात समोर धरा म्हणाल्या, तळवे वर करून, वाटीत पाणी घेतल्यासारखे. आता डोळे मिटा आणि तसेच ठेवा. सासूबाईंनी आज्ञाधारक मुलीसारखं केलं. उजवा हात होता तिथे राहिला. डावा हात हळूहळू आतल्या बाजूला वळला आणि खाली खाली येऊ लागला. मांडीला टेकेपर्यंत खाली आला. सासूबाईंना त्याचा पत्ताही नव्हता. डोळे मिटून, हसऱ्या चेहऱ्याने त्या दोन्ही हात वर धरून बसल्या आहेत असंच त्यांना वाटत होतं.

"डोकं कुठे आपटलं होतं?" बाईंनी विचारलं. सासूबाईंना नाही, सूनबाईला.

सूनबाईने शटरचं सांगितलं. बर्फाचं सांगितलं. आणि बाईंकडे जाऊ नका असं आपणच म्हणालो, तेही सांगितलं. ते सांगताना तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. बाईंनी फक्त मान हलवली आणि अँब्युलन्स बोलवायला फोन मागितला.

मोठ्या हॉस्पिटलात अपघात विभागात एक तरुण डॉक्टर होता. दिवसभराच्या गर्दीने पिळून निघालेला, पण बोलायला नीट होता. त्याने सासूबाईंना तपासलं, नाडी, ब्लडप्रेशर सगळं ठीक होतं. पेशंटची तक्रार काय, त्याने विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तक्रार नाही, हीच तक्रार आहे. या बाई माझ्याकडे येत होत्या तोवर एक आठवडा असा गेला नाही की त्यांनी काही सांगितलं नाही. आज त्या म्हणतात सगळं छान आहे." तो हसला. मग त्याने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्या एका बाहीच्या कोटाकडे पाहिलं आणि त्याचं हसू विरलं. त्यानेच स्ट्रेचरला हात लावला आणि सासूबाईंना स्कॅनला नेलं.

परत आला तो सर्जनला बरोबर घेऊनच. कवटी आणि मेंदू यांच्या मधल्या जागेत रक्त साचलं होतं. टेंगूळ आलं त्या दिवसापासून थेंब थेंब झिरपत, कोणाला न कळू देता. म्हातारपणी असं होतं, त्यांनी समजावलं. मेंदू हळूहळू दाबला जातो. माणूस शांत होतो, झोपाळू होतो, घरच्यांना वाटतं वय झालं. आणखी थोडे दिवस गेले असते तर त्या अशाच हसतमुख झोपल्या असत्या आणि उठल्या नसत्या. कवटीला भोक पाडून रक्त काढायचं होतं, आणि ताबडतोब. नवरा डेपोतून तसाच आला होता, हाताला ऑइल लागलेलं. त्याने सही केली तिथे कागदावर बोटाचा काळा ठसा उमटला. सूनबाईने त्याला काहीच सांगितलं नव्हतं, पण तो सगळं समजला होता आणि तिच्याकडे बघत नव्हता.

ऑपरेशन चालू असताना ती दोघं आणि बाई एका बाकावर बसली होती. बाईंनी कोट काढून घडी करून मांडीवर ठेवला होता. पाठीला टाचण्या टोचून ठिपक्याठिपक्याने रक्त आलं होतं, हे सूनबाईला आत्ता दिसलं. ती रडायला लागली. बाई, मी तुम्हाला जपायला गेले हो, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"किरकोळ दुखणं कोणतं आणि मोठं कोणतं, ते आधी कळत नाही गं," बाई म्हणाल्या. "कळलं असतं तर डॉक्टर कशाला लागला असता?" आवाजात राग नव्हता. मग म्हणाल्या, तुझ्या सासूबाईंच्या तक्रारी मी ऐकत होते म्हणून तर आज त्या तक्रारींचं नसणं मला ऐकू आलं. त्या दर आठवड्याला आल्या नसत्या तर मला तरी काय कळणार होतं?

सूनबाई बघतच राहिली. इतकी वर्षं जे ती वाया गेलेलं समजत होती, चहा, गुडघे, रेडिओ, शेजारीण, ते एक माणूस कान देऊन, मन लावून साठवत होतं. आणि ते एकट्या सासूबाईंचं नाही. अख्ख्या गल्लीचं.

ऑपरेशन नीट पार पडलं. पण खरी धाकधूक पुढेच होती. सासूबाई शुद्धीवर आल्या, डोळे उघडले, मुलाला ओळखलं, पण बोलेनात. डॉक्टर म्हणाले, मेंदूला वेळ द्यावा लागतो. किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही. एक दिवस गेला, आणखी एक गेला. सूनबाई थर्मासमधून चहा आणायची, चमच्याने पाजायची. सासूबाई निमूट प्यायच्या. सूनबाई मुद्दाम साखर जास्त घालून बघे. चहा घशाखाली जाई, एक शब्द येत नसे. ती गोडी आता तिला विषासारखी वाटत होती. जीव वाचला, पण माणूस परत येणार की नाही, याच घोरात ती पलंगाशी बसून राहायची.

पुढच्या सकाळी डॉक्टरबाई आल्या. लिफ्टने आल्या, एवढं तरी बरं. नेहमीसारखं स्टूल ओढून पलंगाच्या शेजारी बसल्या आणि गप्प राहिल्या. नळ्या, पट्टी, डोळे, सगळं नजरेने बघून झालं. सासूबाईंची नजर बाईंवरून फिरत फिरत सूनबाईवर आली आणि तिथे थांबली. कपाळावर बारीकशी आठी पडली.

"तू मला बाईंकडे जाऊ दिलं नाहीस," त्या म्हणाल्या.

आवाज खोल गेलेला होता, पण शब्द स्पष्ट होते. सूनबाईला आनंदाने ओरडावं की मान खाली घालावी ते कळेना. आई, मला वाटलं, असं ती काहीतरी बोलायला गेली. बाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, मध्ये बोलू नकोस, त्यांचं होऊ दे. मग उठून आपलं स्टूल तिला दिलं.

सूनबाई बसली. हात मांडीवर ठेवले आणि ऐकू लागली.

सासूबाई थांबत थांबत बोलत होत्या. तुला सांगितलं होतं डोकं दुखतंय. तू हूं म्हणालीस आणि मशीन चालू केलंस. मग सगळं धूसर व्हायला लागलं. कप कुठे ठेवायचा ते आठवायचं नाही. काही सांगायला गेलं की शब्द हातचे सुटायचे. "आणि घरात सगळे हसत होते," त्या म्हणाल्या. "मला काही कळत नव्हतं. पण तुम्ही हसत होतात, म्हणून मीही हसायचे."

सूनबाईचे डोळे भरून वाहू लागले. तिने ते पुसले नाहीत आणि मध्ये बोललीही नाही. जन्मात पहिल्यांदा ती या बाईचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकत होती, आणि ते किती कठीण असतं ते तिला कळत होतं. आपली बाजू मांडणं सोपं. उठून जाणं सोपं. नुसतं शेजारी बसून दुसऱ्याचं दुखणं आपल्या कानात उतरू देणं, यात दिवसभर मशीनवर वाकून बसण्यापेक्षा जास्त दमायला होत होतं. आणि डॉक्टरबाई हे रोज करत होत्या. फाटलेलं हृदय शिवून आल्या आणि पुन्हा तेच करायला बसल्या, तर आपण बाकडंच रिकामं केलं.

सासूबाईंना आता जोर चढत होता. उशी दगडाची आहे. नर्सचे हात थंड आहेत, चांगली आहे पोर, पण हात थंड. केस अर्धे कापून टाकलेत, विचारलं नाही कोणी. आणि हा चहा! दोन दिवस पाक पाजतेस का मला? नवरा दारात उभा होता. तो एकदम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. रडत होता की हसत होता, देव जाणे.

"आणि बाई कुठे गेल्या?" सासूबाईंनी मान वळवून विचारलं.

सूनबाईने मागे पाहिलं. बाई केव्हाच निघून गेल्या होत्या.

"आभार तरी मानलेस का त्यांचे?" सासूबाई म्हणाल्या. "नाही ना? सगळं मलाच सांगावं लागतं."

सूनबाई उठली आणि धावली. वॉर्डाच्या दारातून बाहेर, लांब कॉरिडॉरमधून, लिफ्टपर्यंत. तिथे बाई होत्या. पण हॉस्पिटलातली झाडूवाली त्यांच्यासमोर उभी होती. झाडू भिंतीला टेकवून तिने आपला सुजलेला अंगठा पुढे केला होता आणि काहीतरी सांगत होती. अंगठ्याचं सांगून ती आता बहुधा घरचं काही सांगायला लागली होती. लिफ्ट आली आणि निघून गेली. बाई तिचा हात आपल्या हातात घेऊन ऐकत होत्या.

सूनबाईने तोंडावर आलेले शब्द गिळले आणि त्या झाडूवालीच्या मागे आपल्या पाळीसाठी उभी राहिली.